ॲबिंग्डनची वाट

मोटार या विषयातले मला काही कळत नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. गेली वीस-बावीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवीत आहे. संधी आणि समास सोडविण्यात आयुष्य गेले. कुणाच्या मोटारीचे बॉनेट उघडले गेले, तर शेजारी उभे राहून "असं होय!" म्हणण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. असे असूनही गेल्या मे महिन्यात, इंग्लंडातल्या एका गावी, एका जुन्या मोटारीखाली थंडगार फरशीवर उताणा पडून मी दोन दिवस हातात बॅटरी धरून होतो. हे कसे घडले ते सांगायचे, तर सुरुवात मोटारीपासून करून चालणार नाही. माझ्या आईपासून करावी लागेल.

आई आता ऐंशी वर्षांची आहे. तिला एकच भाऊ, तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. दोघे वाईला लहानाची मोठी झाली. मामा १९७४ साली डॉक्टर होऊन विलायतेला गेले आणि तिकडचेच झाले. अधूनमधून ते येत. पण येत ते नाताळच्या सुटीत. दिवाळीत त्यांना कधी रजा मिळाली नाही. त्यामुळे दर भाऊबिजेला संध्याकाळी आई तबक घेऊन गच्चीवर जाते आणि चंद्राला ओवाळते. जिचा भाऊ दूर आहे तिने चंद्रालाच भाऊ मानून ओवाळावे, ही आपल्याकडची रीत. द्वितीयेची कोर ती केवढीशी, आणि ती मावळायलाही वेळ लागत नाही. लहानपणी मी आईबरोबर गच्चीवर जाऊन "ती बघ, ती बघ" करीत असे. आई मात्र कोर सापडेपर्यंत एक अक्षर बोलत नसे.

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. मामांची मुलगी कॅनडात असते. एवढ्या घरात मामा एकटे राहिले, हे आईच्या जिवाला लागले. तिने आमच्या पुण्याच्या घरातली रस्त्याकडची खोली रिकामी करवली, गव्हाची कोठी स्वयंपाकघरात हलवली आणि भिंतींना नवा रंग काढून घेतला. मी सुटीत निघालो, तेव्हा चिवड्याचा डबा माझ्या पिशवीत कोंबत ती एवढेच म्हणाली, "काय म्हणेल ते म्हणू दे. त्याला घेऊन ये."

*

मामांचे गाव वॉलिंगफर्ड. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला बारा-तेरा मैलांवर, थेम्सच्या काठी. राजा आल्फ्रेडच्या काळात गावाभोवती घातलेल्या मातीच्या तटाचे उंचवटे अजून दिसतात. त्यांवर आता गवत वाढले आहे आणि माणसे कुत्री फिरवायला नेतात. नदीवर अनेक कमानींचा जुना दगडी पूल आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्या ॲगाथा ख्रिस्तीबाई या गावाच्या कडेला वर्षानुवर्षे राहिल्या आणि १९७६ साली इथेच वारल्या. इतक्या शांत गावात बसून बाईंना एवढे खून कसे सुचले असतील, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला ब्रेड आणायला घेऊन गेले. गाडी पाहून मी थबकलो. गर्द हिरवा रंग, दोनच आसने, वर कापडी टप, आणि सायकलीसारखी तारांची चाके. बसायचे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचे; पाटावर बसायची सवय असलेल्या माणसाला ते जड जाऊ नये.

"एमजीबी," मामा म्हणाले. "बहात्तरचं मॉडेल. मी सत्त्याहत्तरला घेतली, जुनीच. तुझ्या मामीला रंग आवडला म्हणून."

गाडी निघाली आणि मागून आवाज आला : खट्ट!

दाराचा कडीकोयंडा वाऱ्याने आपटावा तसा. चौकात मामांनी पाय उचलला, पुन्हा खट्ट. गिअर बदलला, पाय दिला, खट्ट. ब्रेड घेऊन परत येईपर्यंत तो आवाज मी वीस वेळा तरी ऐकला असेन. मामा मात्र काही झालेच नाही अशा चेहऱ्याने चालवीत होते.

"मामा, हा आवाज कसला?"

"म्हातारी झाली. सांधे वाजायचेच."

मग हळूहळू हकिगत बाहेर आली. डिफरन्शियल झिजले होते. एका गॅरेजवाल्याने मागचा आखाच बदलावा लागेल असे सांगून असा आकडा काढला होता, की मामांच्या मुलीने कॅनडातून फर्मावले : "बाबा, विकून टाका." आणि मामांना तर ॲबिंग्डनला जायचे होते. ही गाडी जिथे जन्मली ते ॲबिंग्डन वॉलिंगफर्डहून जेमतेम दहा-अकरा मैलांवर आहे. मामा-मामी दर वर्षी वसंतात एकदा या गाडीतून तिकडे जाऊन येत. मामी गेल्यापासून जाणे झाले नव्हते.

"मग तसंच जाऊ या की," मी म्हणालो.

"छे! माहेरी जायचं तर धडपणे जावं. लंगडत जाऊ नये," मामा म्हणाले.

मी संधी साधली. "मामा, आईनं सांगितलंय…"

"आधी ही गाडी नीट होऊ दे. मग बघू."

हा "मग बघू" आमच्या घरच्या फोनवर दोन वर्षे ऐकू येत होता.

*

मामांच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. वय पासष्टीच्या आसपास, बोलणे मोजके, हात मात्र सुताराचे असावेत तसे. ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला तेव्हा ते तिथे अगदी पोरसवदा कामगार होते. त्यांनी गाडीत बसून गल्लीत एक चक्कर मारली आणि उतरल्यावर सांगितले, की असा आवाज करणारे संशयित तीन असतात. तिघांचीही जबानी घेतल्याशिवाय कुणाला फाशी देऊ नये. वॉलिंगफर्डला शोभेलसेच ते बोलणे होते.

पहिला संशयित म्हणजे इंजिनापासून मागच्या आखापर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याचे सांधे. दुसरा, तारांची चाके ज्या दातेरी तुंब्यांवर बसतात ते दाते. तिसरा, डिफरन्शियल. मोटार जॅकवर उचलून तिच्याखाली भक्कम लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली जाऊ नये, हा पहिला धडा. दांडा हाताने पिळून पाहिला. सांध्यात ढिलाई नव्हती. चाके काढून दाते पाहिले; झिजलेले दाते करवतीसारखे टोकदार होतात, हे तसे नव्हते. मग एक चाक टेकवून, दुसरे अधांतरी ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकली आणि टायरवर खडूची खूण करून अधांतरी चाक मागेपुढे हलवले. खूण चार बोटे सरकली आणि आतून ओळखीचा आवाज आला. खुनी सापडला.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. वाचकांतल्या जाणत्यांनी क्षमा करावी; पण माझ्यासारखे अजाणही पुष्कळ असतील. शाळेत कवायत करताना रांग वळायची, तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पाय आपटीत राही आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला ढांगा टाकाव्या लागत. मोटारीच्या मागच्या दोन चाकांचे तेच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावे लागते. या गाडीच्या दोन चाकांत सुमारे चार फूट अंतर आहे. गाडीने तोंड पूर्ण फिरवून उलटी दिशा धरली, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे १३ फूट जास्त चालते. वळण लहान असो की मोठे, फरक तेवढाच! घरी आल्यावर मी हे कागदावर मांडून पाहिले आणि गणितात कच्चा असूनही ते खरे निघाले.

आपल्या बैलगाडीला ही अडचण नाही. तिचा आस जागचा हलत नाही आणि दोन्ही चाके त्यावर सुटी फिरतात. ज्याला जितके चालायचे तितके ते चालते. पण मोटारीत इंजिनाने चाकांना फिरवायचे असते, आणि फिरवायचे तर त्यांना कुठेतरी जोडले पाहिजे. जोडायचे तर खरे, पण दोघांना आपापल्या चालीने चालू द्यायचे, हा तिढा. ओनेझिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी त्याचा उलगडा केला. आखाच्या मधल्या फुगीर डब्यात एक मोठे दातेरी चक्र असते, त्याला क्राऊन म्हणतात. त्याला इंजिनाकडून येणारा छोटा पिनियन फिरवतो. या गाडीत पिनियनला ११ दाते आणि क्राऊनला ४३. म्हणजे दांडा जवळजवळ चार वेळा फिरावा तेव्हा चाक एकदा फिरते. क्राऊनबरोबर फिरणाऱ्या एका पिंजऱ्यात चार लहान चक्रे आहेत. दोन चाकांना जोडलेली आणि दोन मधे दुभाष्यासारखी. रस्ता सरळ असला, की दुभाषे स्वतःभोवती फिरत नाहीत. वळण आले, की फिरू लागतात; एका चाकाचा वेग जेवढा कमी होतो तेवढाच दुसऱ्याचा वाढतो. बेरीज तीच राहते.

या चार चक्रांच्या पाठीमागे एकेक पातळ चकती असते. पाय दिला, की चक्रे एकमेकांना बाहेर ढकलतात आणि तो भार या चकत्या सोसतात. चकत्या झिजल्या, की मागे पोकळी होते. मग जोर देताना चक्रे एका अंगाला आपटतात आणि जोर काढताना दुसऱ्या. खट्ट आणि खट्ट. एवढाच तो रोग.

"म्हणजे आखा बदलायला नको?" मामांनी विचारले.

शेजारी म्हणाले, चार चकत्यांना जे पैसे पडतील त्यांत एका वेळचे जेवणही होणार नाही. आखा न काढता आहे तिथेच काम होईल. मात्र उघडून पाहिल्याशिवाय वचन देत नाही.

*

चकत्या टपालाने आल्या आणि शनिवारी सकाळी काम सुरू झाले. मी बॅटरी धरणारा. मामा गाडीच्या एका अंगाला स्टुलावर, शेजारी खाली. प्रथम चाकांचे तुंबे काढायचे. तुंब्याची मोठी चक्की इतकी घट्ट, की पाना लावून त्यात लांब नळी घातली तरी हलेना. शेवटी मला नळीच्या टोकावर उभे केले. चक्की कुरकुरली आणि सुटली. मराठीच्या प्राध्यापकाच्या वजनाचा व्यवहारात असा उपयोग होईल, असे मला वाटले नव्हते.

मग आतले दांडे बाहेर ओढले आणि डब्याचे मागचे झाकण सोडवले. काळे तेल परातीत ओघळले आणि असा दर्प सुटला, की मी म्हणालो, "हिंग!" मामा खळखळून हसले. आल्यापासून त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले. या तेलात गंधकाचा अंश असतो. दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही. त्या दाबाखाली साधे तेल टिकत नाही. हिंगालाही वास असतो तो गंधकाचाच. "अक्का फोडणी करायची तेव्हा मी असाच ओरडायचो," मामा म्हणाले.

पिंजऱ्यातली आडवी खीळ ठोकून काढली. दुभाषी चक्रे फिरवीत फिरवीत बाहेर घेतली. चार चकत्यांपैकी दोन सपाट, कागदासारख्या झालेल्या. तिसरी वाटीसारखी खोलगट, पण शाबूत. चौथी फुटलेली. शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. तुकडा दातांत सापडला असला तर सारे संपलेच. आणि नसला तरी आत कुठे राहून गेला, तर उद्या सापडेल. लोहचुंबक उपयोगाचा नव्हता, कारण चकती तांब्याच्या जातीची. हाताने चाचपून शोधण्यावाचून इलाज नव्हता.

वर्तमानपत्रावर मोडकी चकती जुळवायला आम्ही बसलो. एक मोठा तुकडा अर्धगोल. परातीच्या तळातून आणखी दोन बारके मिळाले. पण वर्तुळ पुरे होईना. नखाएवढी जागा रिकामी राहिली. शेजारी चहाला घरी गेले. मी परातीतले तेल जुन्या फडक्यातून गाळीत होतो आणि मामा डब्यात बोटे घालून कानाकोपरा चाचपीत होते. क्राऊनच्या कडेवर कोरलेले आकडे त्यांच्या बोटाला लागले. शेजाऱ्यांनी सकाळीच सांगितले होते, की क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोहोंवर जोडीची खूण कोरतात. एक बदलायचे तर दुसरेही बदलावे लागते. हे दोघे अजून उत्तम होते. पन्नासांवर वर्षे एकमेकांवर फिरून गुळगुळीत झाले होते, इतकेच.

मामा त्या आकड्यांवरून बोट फिरवीत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला न्यायला आलायस ना?"

मी गप्प राहिलो.

"खोलीला रंग दिलाय. कुठला, तेही अक्कानं सांगितलं मला. तिथं मी सुखात राहीन, हे मला कळतं रे. पण इथं सकाळी ब्रेड आणायला गेलो, की चार माणसं तरी तुझ्या मामीची आठवण काढतात. लायब्ररीतली बाई काढते. पोस्टमन काढतो. पुण्यात तिला ओळखणारं कोण आहे? तिथं आलो, की ती फक्त माझ्या डोक्यात राहणार. आणि माझ्या डोक्याचा भरवसा किती दिवस?"

त्यावर सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. अलंकार शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी एक साधे वाक्य सुचू नये, याची लाज वाटली.

"अक्काला 'नाही' म्हणायचं धैर्य होत नाही," मामा म्हणाले. "म्हणून बघू, बघू करत राहिलो. तिकडे ती रंग देऊन बसली." आणि तेवढ्यात त्यांचे बोट थांबले. झाकणाच्या आतल्या कडेला, जुन्या गाळात, तो नखाएवढा तुकडा रुतून बसला होता.

दुसऱ्या दिवशी नव्या चकत्या घालून सारे परत बसवले. शेजाऱ्यांनी चाक हलवून दाखवले. ढिलाई होती, पण अगदी थोडी. मी शहाणपणाने विचारले, की जरा जाड चकत्या घालून तीही नाहीशी करता येणार नाही का? ते म्हणाले, थोडी मोकळीक राहिलीच पाहिजे. तापल्यावर धातू फुगतो, दातांमधे तेलाला जागा लागते; अगदी घट्ट बसवले, तर चक्रे एकमेकांना खाऊन टाकतील. झिजून झालेली पोकळी वेगळी आणि जाणून ठेवलेली मोकळीक वेगळी.

*

मंगळवारी ऊन पडले आणि मामांनी टप उघडला. दोन्ही बाजूंना शेते पिवळीधमक झाली होती. मोहरीच्या जातीचेच पीक ते. कुंपणांवर पांढऱ्या फुलांचे घोस लोंबत होते. शिलिंगफर्डवरून आम्ही डॉर्चेस्टरला आलो. हे आता खेडे आहे, पण तिथला मठाचा जुना चर्च एखाद्या शहराला शोभावा एवढा. डावीकडे विटनमच्या दोन टेकड्या, माथ्यावर झाडांची टोपी घातलेल्या. पलीकडे डिडकॉटच्या वीजकेंद्राचे प्रचंड मनोरे दिसत असत, ते २०१४ आणि २०१९ साली पाडले, असे मामांनी आकाशातल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून सांगितले. "तुझी मामी म्हणायची, कुरूप आहेत. पाडले त्या दिवशी तीच रडली."

क्लिफ्टन हॅम्पडनला थेम्सवर लाल विटांचा कमानदार पूल आहे, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आखलेला. पुलापलीकडची 'बार्ली मो' नावाची खानावळ जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट'मुळे जगभर ठाऊक झाली. आम्ही थांबलो नाही. थांबावेसे वाटेना, इतकी गाडी सुरेख चालली होती. वळणावर पाय उचलला, पुन्हा दिला. मी कान देऊन होतो. मागून वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हते.

ॲबिंग्डनच्या पुलावरून गावात शिरताना नदीकाठी सेंट हेलेन चर्चचा मनोरा दिसतो. बाजारचौकात काउंटी हॉल आहे, सतराव्या शतकातली देखणी दगडी इमारत. राजघराण्यातल्या मंगल प्रसंगी तिच्या गच्चीवरून खालच्या गर्दीत गोड पाव फेकण्याची इथे जुनी चाल आहे. आतल्या संग्रहालयात इतर प्राचीन वस्तूंबरोबर एक एमजीबी मोटारही ठेवली आहे. मामांनी तिला पाहून हलकेच मान लववली, देवळात करावी तशी.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसच्या गॅरेजात सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाने या खेळाडू मोटारींची सुरुवात केली. १९२९ साली कारखाना ॲबिंग्डनला, कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या रिकाम्या इमारतीत आला. १९६२ पासून इथे एमजीबी होऊ लागली. पाच लाखांवर गाड्या झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा अमेरिकेला गेल्या. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याची पन्नाशी वाजतगाजत साजरी केली. मिरवणुका निघाल्या. त्या समारंभाच्या पाठोपाठच, १० सप्टेंबरला, कारखाना बंद होणार अशी बातमी आली. मालक कंपनी ब्रिटिश लेलँड तोट्यात होती, आणि महागलेल्या पौंडामुळे अमेरिकेत गाडी विकून पदरात काही पडत नव्हते. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली.

कारखान्याच्या जागी आता घरे आणि कचेऱ्या आहेत. सिमेटरी रोडवर एमजी कार क्लबचे कार्यालय आहे. त्याला किंबरचे नाव दिले आहे. मामांनी तिथे गाडी उभी केली आणि इंजिन बंद केले. बराच वेळ ते समोर बघत राहिले.

"बघ," ते म्हणाले, "माहेर मोडून पंचेचाळीसेक वर्षं झाली. पोरी कुठं कुठं नांदतायत."

मी काही बोललो नाही. घड्याळात बारा वाजले होते; म्हणजे पुण्यात साडेचार. आई चहा टाकीत असणार. मामांनी खिशातून फोन काढला. मी उतरून जाऊ लागलो, तर हाताने मला बसवून घेतले.

"अक्का, मी ॲबिंग्डनहून बोलतोय… हो, गाडी झाली नीट… ऐक. मी कायमचा येत नाही." इथे ते थांबले. पलीकडूनही काही येईना. रस्त्यावरून एक बाई बाबागाडी ढकलीत गेली. "इथं हिचं सगळं आहे, अक्का. मी इथंच राहतो. पण भाऊबिजेला येईन. यंदा येतो, आणि पाय चालतील तोवर दर वर्षी."

आईचा आवाज खणखणीत आहे. मला शेजारी बसून ऐकू आला. "नुसतं येईन म्हणू नकोस, तारीख सांग. चंद्र कधी तारीख चुकवत नाही."

मामा हसले, मग चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला. परतताना गाडी त्यांनी मला चालवू दिली नाही. मी मागितलीही नव्हती.

*

पुण्याला आल्यावर मला वाटले होते, की आई माझ्यावर रागावेल. ती रागावली नाही. दोन दिवस कुणाशी फारशी बोलली नाही, एवढेच. तिसऱ्या दिवशी तिने गव्हाची कोठी पुन्हा रस्त्याकडच्या खोलीत नेऊन ठेववली आणि मला बजावले, "दिवाळीच्या आधी आठ दिवस ही बाहेर काढायची. विसरू नकोस."

मामांचे तिकीट धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसाचे आहे. हे लिहीत असताना कोठी पुन्हा स्वयंपाकघरात आली आहे आणि मला पाणी प्यायला वळसा घालून जावे लागते.

त्या फुटक्या चकतीचा अर्धगोल तुकडा मी कागदात गुंडाळून बरोबर आणला होता. काल आईला दाखवला आणि सारी कथा सांगितली : चाके, चक्रे, दुभाषे, वळणावरचे तेरा फूट. तिने चष्मा लावून तो उलटसुलट करून पाहिला.

"एवढीशी झिजली, तर एवढा आवाज?" ती म्हणाली. मग तो तुकडा उजेडाकडे धरून बघत राहिली. "ही तर बीजेची कोर आहे रे."

आणि तिने तो ओवाळायच्या तबकात, निरांजनाशेजारी ठेवून दिला.